मायच्या तसबिरीपायी गेलेली मिशी

आमच्या बैठकीत मायची जी तसबीर आहे, तिच्यासाठी मी बसलो होतो.

वऱ्हाडात तेव्हा इंग्रजांचा अंमल. फोटो काढायचा तर अंजनगावाहून अमरावतीला नाहीतर अकोल्याला जावं लागे. माय दर साली म्हणायची, पानमळ्याचं काम आटपू दे, मग जाऊ. पानमळ्याचं काम कधी आटपत नसतं. एका हिवाळ्यात ती तापानं गेली आणि तिचा चेहरा कुठेच उरला नाही.

उद्याच्या नातवंडांना आजी कळली पाहिजे, म्हणून बाबांनी अमरावतीहून चितारी बोलावला. तो म्हणाला, न पाहिलेलं माणूस काढू कसं? तिच्या तोंडवळ्याचं घरात कोणी आहे काय? सगळं घर माझ्याकडे पाहू लागलं. मी लग्न झालेला गडी, मिशीला पीळ देणारा!

आत्यानं न्हावी बोलावला. मिशी गेली. (बाप गेल्याशिवाय आमच्याकडे मिशी उतरवत नाहीत, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.) न्हाव्याची पाठ वळते न वळते तोच अर्धी आळी रडत दारात. ओसरीवर बाबा पान लावत बसलेले.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

बायांनी पदर बाजूला करून त्यांना नीट पाहून घेतलं. मग आलोच आहोत तर म्हणून थोडं मायसाठी रडल्या.

आत आत्यानं मला मायचं हिरवं लुगडं नेसवलं, ठसठशीत कुंकू लावलं, नाकात दाबाची नथ अडकवली. बाया खिडकीशी जमून हसू दाबू लागल्या. माझी बायको स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच आली नाही.

तेवढ्यात बाबा आले आणि उंबऱ्यातच थबकले. खिडकीतलं हसू थांबलं.

"जेवली काय वं?" ते हळूच म्हणाले.

"हो," मी म्हणालो, जमेल तितक्या बारीक आवाजात. ते मान हलवून मळ्याकडे निघून गेले.

तसबीर हुबेहूब उतरली. माझी. बाबा मात्र शेवटपर्यंत रोज सकाळी तिच्यासमोर उभे राहायचे.

आता मायचा चेहरा आठवायला जातो, तर नथ घातलेला मीच पुढे येतो. तिचा तिचा असा चेहरा मला सापडत नाही. दर अविधवा नवमीला मी तसबिरीला हार घालतो आणि पाया पडतो. जिवंतपणी स्वतःलाच हार घालून, वर स्वतःकडेच आशीर्वाद मागणारा अंजनगावात मी एकटाच असेन.