ताईसाठी उतरवलेलं वजन

त्याला आम्ही ढग म्हणायचो. दिवसभर वर बसायचा म्हणून, आणि अंगापिंडानंही तसाच होता म्हणून. सकाळी टॉवर क्रेनच्या शिडीनं वर चढला की थेट संध्याकाळी खाली. डबा वर, पाणी वर, डुलकीही वरच. काचेच्या त्या खोक्यात बसून तो दिवसाकाठी कित्येक टन लोखंड उचलायचा आणि स्वतःची मात्र मनगटं तेवढी हलवायचा. "एवढी वजनं उचलतो आणि पोट बघा याचं!" हा विनोद साइटवर येणारा प्रत्येक नवा माणूस एकदा तरी करायचा आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं समजून हसायचा. ढगही हसायचा. त्याला राग येताना मी पाहिलेला नाही. त्याच्या वाटचा राग मलाच करावा लागला.

मी त्याचा खालचा माणूस. क्रेनवाल्याला वरून अर्धंअधिक दिसतच नाही. भिंतीपलीकडे हूक कुठे लोंबतोय, माल नीट बांधलाय का, कोणाचं डोकं मध्ये आलंय, हे खालून वायरलेसवर सांगायला एक माणूस लागतो. बारा वर्षं मी "उचल" म्हटलं की त्यानं उचललं, "थांब" म्हटलं की थांबला. उलट प्रश्न कधी नाही. आमच्या कामात शहाणपण तेच. वरच्यानं स्वतःचं डोकं चालवलं की खाली कोणीतरी मरतं. खालून आवाज आला की ऐकायचं, ही सवय त्याच्या हाडीमाशी भिनली होती.

त्याची ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच त्याला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. "पोर आयतंच मिळालं, आता नवरा कशाला हवा?" म्हणायची. शिवणकाम करायची. ढगाच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन होतं, आणि त्याच्या मापाची पँट दुकानात मिळत नाही म्हणून त्याच्या झाडून सगळ्या पँटी तिच्या हातच्या होत्या. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा आपली एक कोण देऊ शकतं याच्या तपासण्या झाल्या. ढगाच्या बायकोचा रक्तगट जुळेना. ढगाचं सगळं जुळलं. घोडं अडलं ते वजनापाशी.

मी त्याच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, "एवढ्या वजनावर ऑपरेशन केलं तर तुमच्याच जिवाला धोका. शिवाय पुढे आयुष्यभर हे शरीर एकाच किडनीवर चालवायचंय. वीस किलो उतरवा, मग आपण पुढचं बघू."

"आणि तोवर ताई?"

"तोवर डायलिसिस. जितक्या लवकर उतरवाल तितकं बरं. त्यांचं शरीर फार दिवस तग धरेल असं मी सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला. "जन्मभर खाल्लं," म्हणाला, "ते सगळं तिच्या आडवं आलं."

दुसऱ्या दिवसापासून मी त्याला चालायला लावलं. काम सुटलं की साइटच्या पत्र्याच्या कुंपणाभोवती आम्ही दोघं फेऱ्या मारायचो. पुढे तो जिममध्ये जाऊन पट्ट्यावर धावायला लागला. गोड सोडलं, जेवण निम्म्यावर आणलं. पहिले आठ किलो भराभर उतरले आणि आम्हाला वाटलं, जिंकलं. मग काटा जागच्या जागी बसला. त्यात गुडघे सुजले. सकाळी शिडी चढताना तो मध्येच थांबून दांड्याला कवटाळून उभा राहायचा, आणि वायरलेसवर मला नुसता त्याचा श्वास ऐकू यायचा.

जिममधला मास्तर विशीतला होता. मान आणि खांदे यांच्यात फट नाही. तो म्हणाला, "काका, कार्डिओनं घाम जातो, चरबी जात नाही. वजनं उचला. स्नायू वाढले की झोपेतसुद्धा चरबी जळते."

मी म्हटलं, "अरे, झोपेत चरबी जळत असती तर हा केबिनमध्येच वाळून काटकुळा झाला असता."

मास्तर हसला नाही. ढगाला मात्र ते पटलं. त्यानं चालणं-धावणं सोडलं. वजन उचलणं म्हणजे त्याच्या ओळखीचं काम. त्यात मास्तर समोर उभा राहून अगदी माझ्यासारखंच बोलायचा. उचल. थांब. हळू खाली. ढग निमूटपणे करायचा, आणि खरं सांगायचं तर ते त्याला जमायलाही लागलं. पाठ सरळ झाली. शिडी एका दमात चढायला लागला.

एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. ताई डायलिसिसहून आली होती, चेहरा मेणासारखा, तरी गळ्यात टेप. तिनं त्याला समोर उभं केलं.

"ठोंब्या, श्वास सोड. पोट आत ओढून मला फसवतोस?"

"सोडलाय गं."

तिनं टेप बघितली, पुन्हा लावली, पुन्हा बघितली. "चार बोटं उतरली रे कंबर!" आणि टाचण्या तोंडात धरून, हसत हसत, ती तिथेच त्याची पँट आत घ्यायला लागली. त्या घरात इतकं मोकळं हसू मी त्यानंतर ऐकलं नाही.

पण हॉस्पिटलच्या काट्यावर मागच्या वेळेपेक्षा फरक जेमतेम दीड किलोचा. त्यानं नर्सला सांगून पाहिलं, "कंबर उतरली आहे हो. माझ्या बहिणीनं मोजली. ती शिवणकाम करते, तिचं माप चुकत नाही."

नर्स म्हणाली, "दादा, खरं असेल. पण आमच्याकडे काटा बघतात."

मी परत येताना तोंड सोडलं. तू चालणं का बंद केलंस, त्या पोराचं काय ऐकतोस, वगैरे. तो म्हणाला, "मग आता दोन्ही करतो." आणि खरोखर दोन्ही करायला लागला. सकाळी कामाआधी चालणं, संध्याकाळी वजनं, मध्ये बिनतुपाचं, बिनचवीचं काहीतरी खाणं. माणूस बघता बघता झिजायला लागला. त्याला थकवा येतो म्हणून मास्तरनं ताकदीच्या पावडरी दिल्या, एक प्रोटीनची आणि एक क्रिएटीनची. सांगितलं, रोज एक चमचा, घाई असेल तर दोन. ढगाला घाई होतीच. त्यानं दोन घेतले. ताईची तब्येत ढासळली त्या आठवड्यात मास्तरला विचारून तीन केले. अति तिथे माती म्हणतात, पण माती दिसायला वेळ लागतो. आम्हाला दिसत होता तो खाली सरकणारा काटा.

आणि वीस किलो उतरले! नर्सनं दुसऱ्यांदा काट्यावर उभं केलं, खात्री करायला. ऑपरेशनची तारीख मिळाली. ताईनं मशीनवर आच्छादन घातलं आणि शेजारणीला सांगितलं की महिनाभर कोणाचं काम घेणार नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला आत बोलावलं. तो मलाही घेऊन गेला.

"तुमच्या रक्तात क्रिएटिनिन वाढलंय. किडन्यांचं काम बिघडलं की ते वाढतं. मागच्या वेळी व्यवस्थित होतं. काही औषध घेता का?"

"नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"औषध नाही. नुसती ताकदीची पावडर."

बाईंनी पेन उचललं. मग डबा कुठला, किती चमचे, कधीपासून, सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, "बहुतेक पावडरीमुळेच आकडा वाढलाय. तुमच्या किडन्या चांगल्या असणार. पण 'असणार' यावर मी धडधाकट माणसाचा एक अवयव काढू शकत नाही. पावडर आजपासून बंद, जड वजनंही बंद. काही आठवडे थांबून पुन्हा तपासू."

"तारीख?"

"तारीख रद्द करावी लागेल."

मी भांडलो. चांगल्या असणार म्हणता मग काढा की, असंही बोललो. बाईंनी ऐकून घेतलं. चूक त्यांची नव्हती. मास्तरचीही म्हणवत नाही. त्याला कळलं तेव्हा तो जिमच्या दारात उभा राहून पोरासारखा रडला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हा माणूस बारीक कशासाठी होतोय. ढगानंही सांगितलं नव्हतं. खालून सूचना येते, वरचा कारणं सांगत बसत नाही. एवढंच झालं होतं. आणि तेवढ्यानंच हातातोंडाशी आलेला घास गेला.

ताईला सांगताना तो तिच्या पायाशी बसला. ती म्हणाली, "अरे, मग काय झालं? थोडं थांबू. मी कुठे पळून जातेय?"

ती गेली. डायलिसिससाठी मानेत नळी घातलेली होती, तिथून संसर्ग शिरला. ताप चढला, मग रक्तदाब उतरत गेला, आणि ढगाची पुन्हा तपासणी व्हायची होती त्याच्या आधीच्या आठवड्यात ती गेली. मी त्या दिवशी साइटवर होतो. वर दुसराच माणूस बसला होता. मला बातमी कळली आणि वायरलेसवर "थांब" एवढंच म्हणता आलं. वरचा बिचारा हूक हवेत धरून किती वेळ वाट बघत राहिला, देव जाणे.

तरीही ढग ठरल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेला. यायला सांगितलं होतं म्हणून. रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी निकाल घ्यायलाही गेला. किडन्या ठणठणीत. वजन हवं तेवढंच. डॉक्टरीणबाईंना बातमी माहीत होती. त्यांनी रिपोर्ट त्याच्या हातात दिला. तो त्यांना "बरं" म्हणाला आणि घरी आला. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. मला इतकी चीड आली की मी उठून बाहेर गेलो. कोणावर आली ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या सुट्टीला साइटवरची आठदहा माणसं त्याच्या घरी भेटायला गेली. पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसलो. ढग भिंतीला टेकून बसला होता. अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा वाटत होता. आमचा स्टोअरकीपर मनाचा वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. तो ढगाकडे बघत राहिला आणि शेवटी बोललाच.

"काय उतरला आहेस रे तू! ओळखूच येत नाहीस. मलाही पोट कमी करायचंय, डॉक्टर मागे लागलेत. नक्की कशानं झालं? चालण्यानं की वजनं उचलून?"

मी स्टोअरकीपरच्या मांडीला जोरात चिमटा काढला, पण शब्द सुटून गेले होते. दारातल्या वहिनींच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला.

ढगानं वर बघितलं. तो चिडलेला नव्हता. वायरलेसवर मी काही विचारलं की जसा नीट उत्तर द्यायचा, तसाच त्याचा आवाज होता.

"तुला कोणासाठी कमी करायचंय?"

"कोणासाठी म्हणजे? माझ्यासाठीच की."

"मग तुला घाई नाही," ढग म्हणाला. "काहीही कर. दोन्हीनं होतं."