कॉइलला खळ

"थांबा, यायलंय!" असं म्हणून सर डाव्या हाताचं बोट वर करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. उजवा हात यंत्राच्या खुंटीवर. मग खोलीत कुणी खोकायचं नाही, खुर्ची ओढायची नाही, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. ऐकू यायची ती नुसती खरखर. पण सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद, की आपलेच कान बिघडलेत की काय असं वाटावं. कधीकधी मात्र त्या खरखरीतून मुंबई केंद्रावरची गाणारी बाई खरोखरच वर यायची. तेव्हा सर डोळे उघडून आमच्याकडं असे बघायचे, की जणू तिला त्यांनीच बेळगावला जेवायला बोलावलं होतं.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या वर्गांमागं एक लांबोडी खोली होती, तिला सगळे बिनतारीची खोली म्हणत. नाव बिनतारी, पण पाऊल टाकाल तिथं तार. मी गणिताचा मास्तर. सरांना आलेख काढायला कुणीतरी हवं म्हणून प्राचार्यांनी मला तिकडं लोटलं होतं, आणि सरांची समजूत अशी, की मी हौसेनं येतो. पुढं ते खरंही झालं.

सर वडगावच्या विणकराच्या घरातले. मुंबईला शिकले, तिथंच चांगली नोकरी लागली आणि ती सोडून परत आले. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "मुंबईत सगळेच ऐकत बसलेत. हिकडं कोण ऐकणार?"

वर्गात ते अगदी छापील बोलत. पण मनाला काही लागलं, की आतलं वडगाव बाहेर यायचं. एकदा एका विद्यार्थ्याच्या हातून व्हॉल्व्ह पडला. काचेची ती नाजूक वस्तू मुंबईहून पेंढ्यात गुंडाळून यायची, तिची आम्ही महिनोन्‌महिने वाट बघायचो. पोरगा रडकुंडीला आला. सर म्हणाले, "असू दे रं. कवातरी फुटायचाच हुता. तुझ्या हातनं फुटला, एवढंच." आणि कपाटामागं गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

यंत्रातली दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे कॉइल. बारीक तांब्याची तार, तिच्यावर सुताचं वेष्टण, आणि ती पुठ्ठ्याच्या नळीवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची. आमच्या हातचे वेढे एकमेकांच्या डोक्यावर चढत. म्हणून हे काम सरांच्या थोरल्या बहिणीकडं गेलं होतं. आक्का मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या त्याच रहाटावर आमच्या कॉइली भरून द्यायच्या. दर रविवारी सर तिकडं जेवायला जात आणि येताना कॉइली घेऊन येत. मी एकदा सोबत गेलो होतो. तार अवघड जाते का, म्हणून विचारलं, तर आक्का म्हणाल्या, "सूतच की हे. आत तांबं हाय म्हणून काय झालं?"

त्या वर्षी विद्यापीठाची समिती यायची होती. तिनं मान्यता दिली तर बिनतारी हा विषय आमच्याकडं सुरू होणार. नाही दिली तर खोली वसतिगृहाच्या कोठीला जाणार, असं प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सरांनी मुंबई सोडली होती ती या खोलीसाठी. वैशाखात त्यांनी नवं यंत्र जुळवलं आणि ते असं खणखणीत बोलू लागलं, की शिपाई बाळाप्पा दारात उभा राहून गाणी ऐकायचा.

समिती आली आषाढात. बेळगावचा आषाढ तुम्हाला माहीत असेल, घडीचे कपडेसुद्धा ओले लागतात. सरांनी बोट वर केलं. "थांबा, यायलंय." काही आलं नाही. खुंटी फिरवली, पुन्हा बोट वर. नुसती खरखर, आणि तीही मेंगळट. समितीचे अध्यक्ष पांढऱ्या मिशांचे, जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी घड्याळ काढून बघितलं. दारात उभे असलेले प्राचार्य खोलीची लांबीरुंदी डोळ्यांनी मोजू लागले. ज्वारीची पोती कुठं लावायची, हेच बघत असावेत. मला सरांकडं बघवेना.

"दमटपणा," सर पुटपुटले. त्यांनी बाळाप्पाला वसतिगृहातली पेटती शेगडी आणायला धाडलं, कॉइल सोडवली आणि निखाऱ्यांवर धरून शेकायला सुरुवात केली.

अध्यक्षांनी नाक वर केलं. "इथं कुणी भाकरी भाजतंय का?"

वास मलाही आला. भाजल्या पिठाचा, चांगला खमंग. सरांचा चेहरा खर्रकन उतरला. विणकराच्या घरातल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही.

"खळ आहे साहेब," सर म्हणाले. "पिठाची. मागावर चढवायच्या आधी सुताला लावतात ती."

"तारेला? कुणी लावली?"

आक्कांनी लावली होती, आणखी कोण लावणार! सूत हातात आलं की खळ लावायची, त्याशिवाय काम पुरं होत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ती खळ वैशाखात कोरडी होती, आता हवेतलं पाणी पिऊन बसली होती.

"मीच लावली," सर म्हणाले.

बाळाप्पा आ वासून बघत राहिला.

शेकलेली कॉइल बसवली, तशी गाणारी बाई एकदम खोलीत हजर झाली. कॉइल निवत गेली, तशी ती हळूहळू लांब गेली. आणि इथं सर भीती विसरले. "काढा आलेख!" माझ्यावर ओरडले. पुन्हा शेकली, पुन्हा बाई आली. मीटरच्या काट्याबरोबर माझी पेन्सिल पळत होती. थोड्या वेळानं बघतो तर अध्यक्ष स्वतःच उकिडवे बसून शेगडीला वारा घालत होते.

जाताना म्हणाले, "हा तुमच्या हवेचा प्रश्न आहे. मुंबईत बसून सुटायचा नाही. तुम्हीच सोडवा."

मान्यता आली. मग कैक पावसाळे आम्ही कॉइलींवर मेण, लाख, राळ, एकेक लावून बघितलं. खळीबद्दलचं आपलं मत झुरळांनी एका रात्रीत कॉइली कुरतडून नोंदवलं. मेण सगळ्यांत सरस ठरलं.

आक्कांना मात्र सरांनी यातलं काही सांगितलं नाही. त्या खळ लावून कॉइली देत. सर त्या गरम पाण्यात धूत, वाळवत आणि मेणात बुडवत. "सांगून टाका ना एकदा," मी वैतागून म्हणायचो. सर म्हणायचे, "एवढ्या मायेनं लावती. तिला चुकलं म्हणू व्हय?"

लढाई सुरू झाल्यावर पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेनं सरांना बोलावून घेतलं. खोली माझ्याकडं आली. पुढच्याच महिन्यात आक्का कॉलेजात आल्या, घरी राहिलेल्या तारेच्या कॉइली पदराखाली धरून. मी एक हातात घेतली. मऊ लागली.

"आक्का, खळ नाही लावली?"

"धुणारा पुण्याला गेला न्हवं? आता कशाला लावू?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाळाप्पानं तवाच सांगितलंतं."

"मग इतकी वर्षं लावत का होता?"

"त्यानं सायबांम्होरं माझी चूक आपल्या अंगावर घेतली. मी थांबले असते, तर मला कळलंय हे त्याला कळलं असतं. मग माझ्या ताटाला ताट लावून त्यो सुखानं जेवला नसता, मास्तर. लई हळवा हाय." आक्का जायला उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "पत्र लिवाल तवा ह्यातलं काय सांगू नगासा."

पुण्याहून सरांची पत्रं येत. आक्कांच्या कॉइली न विसरता धुता ना, असं त्यांत शेवटी हमखास विचारलेलं असे. मी कळवत असे, धुतो. गरम पाण्यानं, दोनदा.