पदराच्या घडीतली चिप

दादरच्या साड्यांच्या दुकानात मी सत्तावीस वर्षं माल मोजला. शाळा चौथीपर्यंतच, पण कुठल्या फळीवर कुठल्या रंगाच्या किती साड्या, हे मी न बघता सांगायची. वरच्या माळ्यावर आम्ही दोघीच, मी आणि शीवहून येणारी एक मालवणी बाई. तिचा नवरा गेलेला, मुलगी नर्सिंगला. घर तिच्या एकटीच्या पगारावर.

मालकांची मुलगी एक दिवस चिपा घेऊन आली. दिसायला कागदी लेबल, आत तारेची बारीक नक्षी. पिस्तुलासारखं यंत्र लांबून रोखलं की अख्ख्या फळीचा माल मोजून होतो. आरएफआयडी म्हणतात त्याला. ती वडिलांना समजावत होती ते आम्हीही ऐकलं. यंत्र महाग, प्रत्येक साडीला चिपेचा खर्च. पण मोजणीसाठी तीन दिवस दुकान बंद ठेवायला नको, हवी ती साडी लगेच सापडेल, चोरीही कळेल.

"आणि पगार वाचेल," मालक म्हणाले.

तिने आमच्याकडे बघितलं आणि लॅपटॉप मिटला. "महिनाभर बघू, पप्पा. नाही जमलं तर मशीन परत."

"परतच जाऊ दे मेलं," शीववाली माझ्या कानात म्हणाली.

चिपा लावायचं काम आमच्याकडेच आलं. साध्या साड्यांना बाहेरून टाचल्या. पैठणीचा पदर मात्र आम्ही आत ठेवून घडी घालतो आणि वरून मलमल गुंडाळतो, म्हणजे पदराची जर काळी पडत नाही. किमतीची चिठ्ठीसुद्धा त्या पदरातच ठेवायची, ही सवय मला मालकांच्या वडिलांनी लावलेली. चिपही मी तिथेच ठेवली. दुसरीकडे ठेवायचं सुचलंच नाही.

महिन्याने मुलीने यंत्र फिरवलं. अकरा पैठण्या कमी. पुन्हा फिरवलं, तर चौदा कमी.

मी म्हटलं, "हाताने मोजा."

"हाताने तुम्हीच मोजणार ना, मावशी? मग काय उपयोग?"

आवाज अजिबात चढला नव्हता तिचा. त्या संध्याकाळपासून जिन्यात आमच्या पिशव्या तपासायला लागले. डब्याचं झाकणही काढायला लावलं. शीववाली म्हणाली, "पैठणी काय भाजीत घालून नेतंय मी?" कोणी हसलं नाही. खालचे सेल्समन आमच्याशी बोलायचे बंद झाले. कोणी वर आलं तर जिन्यातूनच हाक मारायचं आणि माल घेऊन उतरायचं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी यंत्र उचललं. एका भरगच्च जरीच्या पैठणीवर धरलं. गप्प. मलमल सोडली, तरी गप्प. पदर उलगडून चिप बाहेर काढली, तसं ते टिट करून वाजलं. तशीच दुसरी घेतली, तिचंही तेच. जर म्हणजे शेवटी धातूच. जिथे ती दाट, तिथे तिच्या घड्यांत चिप कोंडली गेली होती.

शीववाली बघत होती. "गप ऱ्हव गो," ती म्हणाली. "यंत्र चुकतंय असंच वाटू दे. चार दिवसांत परत जाईल."

"आणि तोपर्यंत चोर कोण?"

"चोर म्हणाले तरी पगार देतायत ना."

मला ते पटलं नाही. सत्तावीस वर्षांत माझी एक साडी कमी भरली नव्हती. मी खाली जाऊन मुलीला वर घेऊन आले आणि दाखवलं.

दोन दिवस बसून आम्ही सगळ्या चिपा पदरातून काढून मलमलीवर टाचल्या. मग तिने यंत्र फिरवलं. माझा चहा प्यायचा बाकी होता तेवढ्यात माळा मोजून झाला. एकही साडी कमी नाही.

मालक गुडघे दुखतात म्हणून कधी वर येत नसत. त्या दिवशी आले.

"मावशी, मशीन ठेवतोय," ते म्हणाले. "वर आता एकीपुरतंच काम आहे. माल तुम्हाला माहीत, तिलाही माहीत. कोणाला ठेवू, तुम्हीच सांगा."

शीववाली शेवटच्या फळीपाशी पाठमोरी उभी होती. तिचा हात मलमलीवर थांबला.

"मला ठेवा," मी म्हटलं.