दिरांच्या रक्ताला फुटलेल्या शेपट्या

घरात तिला धाकटी म्हणत आणि प्रयोगशाळेत शेपटीबाई. कामच तसं होतं. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अँटिबायोटिकमध्ये ठेवायच्या, मग काचेवर जेलच्या थरात बसवून, फोडून त्यातून वीज सोडायची आणि औषधानं डीएनए तुटला का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. डीएनए धड असेल तर गोल, गुबगुबीत ठिपका. तुटला असेल तर तुकडे विजेबरोबर वाहत जातात आणि ठिपक्याला शेपटी फुटते. ती घरी आली की नवरा विचारी, "आज कुणाकुणाला फुटल्या?"

या खेपेला निरोगी, निर्व्यसनी माणसाचं रक्त हवं होतं. मोठे दीर आपणहून पुढे आले. सिगारेट नाही, दारू नाही, औषधाची गोळी नाही आणि हे चारचौघांना ऐकवल्याशिवाय अन्न पचत नाही, असा गृहस्थ.

"घे माझं," ते म्हणाले. "असं रक्त तुझ्या प्रयोगशाळेनं पाहिलं नसेल."

खरंच पाहिलं नव्हतं. औषधातल्या पेशींचं सोडाच, ज्यांना औषधाचा थेंबही लागला नव्हता त्या पेशींनाही शेपट्या होत्या, आणि त्याही चांगल्या झुबकेदार. आता तुलना करायची कशाशी? आधी तिला वाटलं, आपलाच हात चुकला. उजेडानंही पेशी बिघडतात म्हणून तिनं पडदे तपासले, द्रावणं नवी केली, स्वतःचं रक्त लावून पाहिलं. तिचे ठिपके गोल गरगरीत. दिरांचं पुन्हा घेतलं. पुन्हा शेपट्या.

संध्याकाळी चहा पिताना तिनं सहज विचारलं, "भाऊजी, एवढ्यात एक्स-रे काढला होता का? किंवा कुठे धुरात वगैरे..."

'धूर' हा शब्द जाऊबाईंनी वरच्यावर झेलला. "तरीच सकाळी बाहेर जातात आणि आल्या आल्या आंघोळीला पळतात. कुठे ओढता हो?"

दीर कानापर्यंत लाल झाले, पण नाही म्हणेनात. धाकटीनं जीभ चावली. रक्त देणाऱ्याची गोष्ट अशी सगळ्यांसमोर काढायची नसते, हे तिनं स्वतःच इतरांना शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दीर प्रयोगशाळेत आले आणि दार लोटून घेतलं.

"सिगारेट नाही गं. जिम."

बायको फिरायला निघाली की ते वर्षानुवर्षं तिची टर उडवत आले होते. मग स्वतःचं पोट आरशात मावेना. आता पोरासोरांच्या बरोबरीनं वजनं उचलत होते, जीभ बाहेर येईपर्यंत पळत होते, आणि दोन्ही वेळा तिथून थेट रक्त द्यायला आले होते.

"तिला सांगू नकोस. ओढतो असंच समजू दे, परवडलं."

सवय नसताना अंगाला इतकं दामटलं की पेशींना जखमा होतात, पण शरीर त्या भरून काढतं, असं सांगून तिनं त्यांना आठवडाभर विश्रांती दिली. नंतरच्या रक्तात ठिपके गोल आले. नेहमीच्या मात्रेत औषधानं शेपट्या वाढल्या नाहीत. कित्येक पटींनी ओतल्यावर मात्र वाढल्या. पण एकाच माणसाच्या रक्तावर निकाल देता येत नाही, म्हणून ती आणखी दाते शोधायला लागली. घाम न गाळणारे.

जाऊबाईंना ती एवढंच म्हणाली, "ते ओढत नाहीत हो, खरंच."

"माहीत आहे. घामाचे टी-शर्ट कोण धुतं?"

"मग त्या दिवशी?"

"म्हटलं, बघू तरी कबूल करतात का."

"आणि हसू नाही येत तुम्हाला?"

"रोज येतं. स्वयंपाकघरात जाऊन हसून घेते."