पुलावर सोडलेली गाठ

मेल्चोरा वामानी भित्री होती. हे मी नावं ठेवायला सांगत नाही. कुत्रं भुंकलं की ती दचकायची, वीज कडाडली की घोंगडीत तोंड खुपसायची. आमच्या गावाजवळच्या दरीवर गवताच्या दोरांचा पूल आहे. चाळिशी उलटली तरी तिने तो कधी ओलांडला नव्हता. पुलाच्या तोंडाशी आली की ती मागे फिरायची.

तरी आमच्या हमालांच्या टोळीचं तिच्यावाचून चालत नसे. ती गाठी सोडायची.

ते काम असं असतं. जड वस्तू उचलायची असली की ताज्या गवताची दोरी घ्यायची, एक हात वस्तूवर ठेवायचा, श्वास पूर्ण सोडायचा आणि रिकाम्या छातीने गाठ मारायची. वस्तूचं ओझं गाठीत जातं. कातळ टोपलीसारखा उचलता येतो. पण ओझं नाहीसं होत नाही, ते नंतर जमिनीत उतरवावं लागतं. बांधणाऱ्याचा श्वास गाठीत अडकलेला असतो, म्हणून त्याला स्वतःची गाठ सोडता येत नाही. ती दुसऱ्याने सोडायची. सोडणाऱ्याच्या हाडांत ओझं शिरतं आणि टाचांमधून मातीत जातं. त्यासाठी पाठ भिंतीला लावून बसायचं, टाचा मातीत रोवायच्या आणि दोरीचा पेड न् पेड सावकाश उकलायचा. घाई केली तर कणा मोडतो. गाणी सगळी बांधणाऱ्यांवर रचली जातात. मी दोन्ही कामं केली आहेत. सोडणं जास्त जड.

बांधणारा घाबरला तर गाठ सरकू लागते. सुटलीच, तर सगळं ओझं एका झटक्यात वस्तूत परत येतं. म्हणून उचलण्याआधी मुकादम एकेकाला विचारतो, "भीती वाटते?" हो म्हणणाऱ्याला कुणी हसत नाही. तो त्या दिवशी घरी जातो. सोडणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. त्याच्या भीतीने गाठीला काही होत नाही.

दरीच्या तळाशी जे राखाडी साचून असतं, त्याला आम्ही करडं म्हणतो. त्या वर्षी ते वर चढू लागलं. ते धुकं नव्हे. धुक्यात हरवलेला माणूस सापडतो, करड्यात शिरलेला सापडत नाही. घंटेचा आवाज झाला की ते मागे सरतं. पलीकडच्या सोराकांचा नावाच्या गावाची घंटा तडकली आणि करडं त्यांच्या अंगणांपर्यंत आलं. आमच्याकडे दोन घंटा होत्या. त्यातली धाकटी त्यांना द्यायचं ठरलं. धाकटी म्हणजे तिच्या पोटात माणूस उभा राहील एवढी.

सकाळी कोकाची पानं चघळून झाली. घंटेचं ओझं वाटून घेऊन प्रत्येकाने आपली गाठ कमरेला बांधली. मुकादम तिबुर्सिओ, आम्हा सगळ्यांचा ताय्ता म्हणजे बाबा, विचारत विचारत मेल्चोराच्या भावापाशी आला.

"वेनान्सिओ, भीती वाटते?"

"मला? ताय्ता, घरातली सगळी भीती ताईनेच घेतली. माझ्यासाठी काही ठेवलीच नाही."

सगळे हसले. मेल्चोरा त्याच्या हातांकडे बघत होती.

"वेनो, नको जाऊस. बोटं बघ तुझी."

"थंडी आहे गं."

"थंडीने असं होत नाही. मला सांगतोस?"

"तू भिंत धर बाई. आम्हाला चार पावलं टाकू दे."

आम्ही घंटा दांड्यांवर घेतली. वेनान्सिओ सगळ्यात मागे, त्याच्या पुढे मी. पुलावर सगळ्यांचा डावा पाय एकदम पडला पाहिजे, नाहीतर पूल झुलतो. मधला भाग ओलांडेपर्यंत चाल चांगली होती. मग खाली नदीचा आवाज बंद झाला. करडं वर येत होतं. पण मला ऐकू येत होता तो मागचा श्वास. आखूड, वरच्यावर. खांद्यावरची दांडी हळूहळू जड होत गेली.

"वेनो, गाठ बघ."

"बघतोय."

"मग?"

"सरकतेय, रूफिनो."

तिथे घंटा खाली ठेवायची सोय नव्हती. त्याच्या वाट्याचं ओझं एकदम घंटेत आलं असतं तर मुख्य दोर तुटला असता आणि आम्ही सगळे करड्यात गेलो असतो. मी मागे ओरडलो. काठावरून ताय्ताचं ओरडणं आलं, पण शब्द कळले नाहीत. नंतर पूल थोडा हलला. कुणीतरी येत होतं.

मेल्चोरा होती. ती रांगत होती, डोळे मिटून, मोठमोठ्याने रडत.

"ताई, परत जा!"

"गप्प! कंबर इकडे कर."

"इथे माती नाही. उतरवशील कुठे?"

"माती नाही ते दिसतंय मला! हलू नकोस, मेल्या!"

पुलावर गाठ सोडलेली कुणी पाहिली नव्हती. हाडांत असेपर्यंत ओझं फक्त माणसाला कळतं, पुलाला कळत नाही. पण माती लागेपर्यंत ते तसंच धरून ठेवावं लागतं. तिने पेड उकलायला घेतले. करडं पुलाच्या काड्यांमधून वर आलं. आमचे घोटे दिसेनासे झाले, मग गुडघे. माझी गाठ सुटू नये म्हणून मी फक्त पुढच्याच्या मानेकडे बघत राहिलो. खांद्यावरची दांडी हलकी झाली.

"चला," ती म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता.

एवढं ओझं घेऊन रांगता येत नाही, गुडघे फुटतात. तिला उभं राहूनच चालावं लागलं. पलीकडचा काठ जवळ होता, म्हणून ती आमच्या मागोमाग तिकडेच आली. काठावरच्या पहिल्या खडकाला तिने पाठ टेकली आणि टाचा रोवल्या. आम्ही घंटा टांगली, वाजवली, करडं खाली गेलं, एकमेकांच्या गाठी सोडल्या, सोराकांचाच्या बायकांनी मक्याची आंबवलेली चिचा प्यायला दिली. तरी ती ओझं उतरवतच होती. वेनान्सिओ तिचे घोटे धरून बसला होता.

संध्याकाळी निघायची वेळ झाली.

"चल ताई. एकदा आलीस ना? आता कसली भीती!"

"आधी नुसतं वाटायचं मला. आता मी बघून आलेय."

"मी हात धरतो."

"तुझा हात! तोच थरथरत होता. जा तू. माझा विणायचा माग पाठवून दे."

आम्हाला वाटलं, चार दिवसांनी येईल. ती आलीच नाही. वेनान्सिओने तिचा माग, जातं, भांडी, सुकवलेले बटाटे असं एकेक करून पलीकडे नेलं. सगळं पाठीवर, दोरीला एकही गाठ न मारता. जातं नेलं त्या दिवशी मी त्याला म्हणालो, "अरे, बांध की." तो म्हणाला, "सोडायला परत तीच येईल."

सोराकांचाच्या लोकांनी तिला काठाजवळची जागा दिली होती. तिने ती नाकारली आणि टेकडीच्या मागे घर बांधलं. तिथून दरी दिसत नाही. मी जातो अजून कधीमधी. चुलीपाशी बसवते, सूप वाढते, भावाची चौकशी करते. निघताना मी "पुलापर्यंत येतेस?" असं विचारत नाही.