जोडात दोष

कापसाला भाव नव्हता म्हणून त्या हिवाळ्यात आमच्या घाटंजीच्या घराचं माजघर पार आढ्यापर्यंत कापसानं भरलं होतं. आम्ही त्याला लागूनच झोपायचो, अन् सकाळी बसमध्ये बसलं की अंगभर खाज सुटायची. तशीच खाजवत मी मायक्रोवेव्ह स्टेशनावर पोचायची. नोकरीत अजून कायम झाली नव्हती. स्टेशनच्या सरांनी वर चांगला शब्द टाकला तर होणार, नाहीतर घरी. दिवसभर डोक्यात तेच.

टॉवरवरच्या डिशपर्यंत जाणाऱ्या जाड केबलचे जोड मी करायची. जोड झाला की सर नेटवर्क ॲनालायझर नावाचं मशीन लावायचे, रेडिओची लाट सरळ पुढे जाते की जोडावरून परत फिरते ते पाहायला. त्या आठवड्यात मशीन दर वेळी म्हणे, परत फिरते. सर यवतमाळचे, पिढ्यान्‌पिढ्या नोकरदार घरातले, आवाज कधी चढवायचे नाहीत. बेटा, हात साफ ठेव, एवढंच म्हणायचे. त्यापेक्षा शिवी परवडली असती! मी जोड कापून टाकायची, केबल पुन्हा सोलायची, नवा बसवायची. पुन्हा तेच रडगाणं. घरी आई म्हणे, "डीएड कर म्हनलं होतं तुले, काहून नाही ऐकलं?" मी ताटावरून उठून जायची.

मग एकदा डोक्यात उजेड पडला. हात वाईट असता तर मशीनचा आकडा दर वेळी वेगळा वाईट आला असता. हा तर तोच, अगदी तोच! मोजण्याआधी मशीनला तीन तुकडे दाखवून जुळवून घ्यावं लागतं: एक उघडा, एक बंद, अन् एक सगळी लाट गिळून टाकणारा, त्याला लोड म्हणतात. तो लोडच बिघडला असेल तर मशीन सगळ्याच जोडांना खोटं पाडणार. सरांना म्हटलं, तर त्यांनी तोच लोड परत लावून दाखवला, बघ कसा उत्तम आहे म्हणून. अहो, उत्तम दिसणारच ना! ज्या किलोवर काटा जुळवला तोच किलो परत टाकला, तर काटा बरोबरच दाखवेल. हे मी मोठ्यानं बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी आर्णीच्या स्टेशनातला लोड रुमालात बांधून आणला. त्यावर मशीन जुळवलं, अन् आमचा लोड तपासला. तो खराब निघाला. सर म्हणाले, आर्णीचाच खराब नसेल कशावरून? भिंग घेतलं, आमच्या लोडच्या तोंडात उजेड पाडला. मधली पिन वाकून आत दबलेली होती. सरांनी बराच वेळ पाहिलं, मग केबल लावायला सांगितली. लाट सरळ पुढे गेली. माझ्या जोडात काही म्हणजे काही दोष नव्हता. मी खुर्चीत बसून घेतलं.

मग केबल लाट पाठवणाऱ्या रेडिओला जोडायला उचलली, तर ती पोचेना. दर जोडापायी चार-चार बोटं कापत गेली होती मी. ओढून पाहिली, वळण काढून पाहिलं, हातभर कमीच. जादा केबल नव्हती.

सरांनी टोक हातात घेतलं. "एवढी केबल कोणी कापली, हे वरून विचारतील. काय सांगू?"

"मीच कापली म्हणून सांगा," मी म्हटलं. "अन् कापलेला एकेक जोड चांगला होता, हेबी सांगा."

वर पोचलं ते माझं पहिलंच वाक्य. मला कायम केलं नाही.