पाटावरची दुनळी

झेंडूचा वास आला की मला त्यामागून बंदुकीच्या तेलाचाही वास येतो, जवळपास बंदूक नसली तरी. तेव्हा आम्ही परदेशात, स्लायगो गावाजवळ राहत होतो. माझी पहिली बंदूक, हलकीशी दुनळी, शेजारच्या शेतकऱ्याने निवडून दिली होती. "पोरीलाही झेपेल, ग्रँड आहे," म्हणाला. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला मीच शिकवलं होतं की बंदूक नेहमी भरलेलीच समजायची, माणसाकडे रोखायची नाही, हातात घेतली की आधी उघडून बघायची. खंडेनवमीला त्या शेतकऱ्याच्या शेतातले कावळे उडवून मी भिजत घरी आलो, तर शस्त्रपूजेसाठी बायको खोळंबलेली. घाईत बंदूक वरवर पुसली, पाटावर ठेवली, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली. मुलगी मात्र वाकेना. "बाबा, इट्स पॉइंटिंग अ‍ॅट अस. डिड यू चेक?" "रिकामी आहे गं. देवासमोर वाद नको, नमस्कार कर." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नळीसमोर कपाळ टेकवलं. मग बायकोनेही. संध्याकाळी कपाटात ठेवताना मी बंदूक उघडली, तर डाव्या नळीत काडतूस होतं. मी ते काढून खिशात टाकलं आणि कपाटाला कुलूप लावलं. ती मुलगी आता लहान मुलांना नेमबाजी शिकवते. परवा फोनवर सांगत होती, पहिल्याच दिवशी ती मुलांना बजावते की घरचं कुणी रिकामी म्हणालं तरी उघडून बघा. मग हसत म्हणाली, "पण तेव्हा रिकामीच होती ना, बाबा?" मी हो म्हणालो.